जनरेटर कोण चालू करतं?

लाईट गेली की मळवलीच्या आकाशचं डोकं फिरायचं. अंधार त्याला सोसायचा. ओढ्यापलीकडचा उजेड सोसायचा नाही. ज्या बंगल्याची तो राखण करायचा, तिथं पोहायच्या तलावातले निळे दिवेसुद्धा झगमगायचे, आणि इकडं त्याची बायको कोमल मोबाईलच्या उजेडात भाकरी थापायची. बंगल्यावरून धापा टाकत परतलेला आकाश दारात बसून नुसता जळायचा.

ही जळजळ वडगावच्या सुहासनं बरोबर हेरली. सुहासची कसलीशी संघटना होती. फोनवर तो म्हणाला, "विजेचं उपकेंद्रच पेटवू! तालुका काळा पडला की सरकार गुडघे टेकेल. मागची पायवाट तुला माहीत आहे. तू फक्त वाट दाखव."

"दाखवतो उद्या," आकाश म्हणाला.

भुशीहून आलेली सासू चिमाबाई स्पीकरवरचं सगळं आतून ऐकत होती.

"जावईबापू, उद्या उपकेंद्र पेटवाय निघालाय व्हय?"

आकाश दचकला, मग उसळला. "व्हय! त्यांच्या पान्यात दिवं, अन् माझ्या सैपाकघरात न्हाई? कळू द्या त्यास्नीबी अंधार!"

"त्यास्नी कसा कळंल? तितं जनरेटर हाय न्हवं? चालू कोन करतं?"

"...मीच."

"म्हंजी आदी तुमी उपकेंद्र पेटवनार, अन् मालकाचा फोन आला की पळत जाऊन त्याचंच दिवं लावनार! लय भारी क्रांती!"

कोमल फिसकन हसली. आकाशची मान खाली गेली.

"अन् गावच्या टाकीत पानी कोन चढवनार? जळक्या तारांत हात घालाय सुहास येनार, का आपला निवृत्ती वायरमन? तुमच्या वरातीत घामाघूम होऊन नाचलेला निवृत्ती!"

अरे, कुणाच्या घरात अंधार करायला निघालो होतो आपण! आकाशनं फोन लावला. "मी येनार न्हाई. तुमालाबी जाऊ देनार न्हाई."

"गद्दार! बघून घेईन."

"घ्या बघून!"

तो तसाच पोलीस ठाण्यात गेला. आपण दिलेल्या होकारासकट सगळं सांगितलं. पोलिसांनी त्यालाही उलटसुलट विचारून पिळून काढलं. पण दुसऱ्या दिवशी सुहास पेट्रोलच्या कॅनसकट मागची पायवाट चाचपडत शोधतानाच सापडला.

पुढच्या ग्रामसभेत आकाश वीज मंडळाच्या साहेबापुढं उभा राहिला. "गावची लाईट रोज का जाते? कधी सुधारणार, ते आज सांगा. सांगितल्याशिवाय उठायचं न्हाई!" मागं अख्खं गाव बसलं होतं. साहेबाला घाम फुटला.

मंडळी, दुसऱ्याचा उजेड बघून पोटात दुखतं, खोटं कशाला बोला? हक्काची वीज मागा, भांडा, साहेबाची झोप उडवा! पण उपकेंद्र पेटलं तर ज्याच्याकडं दुसरी सोय नाही, तोच अंधारात बसतो. तुमच्या जळण्याला काडी लावायला कुणी आला, तर आधी त्याच्या घरात डोकावून या.

सुहासच्या घरी इन्व्हर्टर होता!