निळ्या ड्रमांची रांग

सूर्यमाळजवळच्या त्या पाड्याची पोलीस पाटील जयवंती. तीन वर्षांत ऐकली नव्हती एवढी बोलणी तिनं एका दिवसात ऐकली. आणि खरं सांगायचं तर चूक तिचीच होती.

टेकडीपलीकडे कुणा परक्या शेठनं कोंबड्यांसाठी म्हणून शेड भाड्यानं घेतली होती. कोंबडीचं पीससुद्धा कधी दिसलं नाही, पण रिकामे निळे ड्रम मात्र ढिगानं निघत. उन्हाळा तोंडावर आलेला. शेठ म्हणाला, "फुकट न्या." भांडणं नकोत म्हणून जयवंतीनं स्वतः यादी केली, घरटी एक ड्रम वाटला आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नाव घातलं. तेव्हा सगळे म्हणाले, पाटलीण असावी तर अशी!

काल शेडवर धाड पडली. आत एमडी नावाची नशेची पावडर तयार होत होती. आज सकाळी मुंबईचे पोलीस साहेब पाड्यावर आले.

"बाई, हा माल समुद्रापार जातो. त्याच्या पैशातून हत्यारं येतात. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. त्या ड्रममध्ये विषारी रसायन होतं, संध्याकाळपर्यंत सगळे जमा करा."

ठकीच्या नातवाच्या तोंडाला महिनाभर फोड येत होते, ते जयवंतीला आठवलं. तरी तिनं विचारलं, "साहेब, बदली ड्रम कधी मिळतील?"

"प्रस्ताव पाठवतो."

प्रस्ताव! पाड्याच्या रस्त्याचा प्रस्ताव गेला, त्याला आता मिशा फुटायची वेळ आली होती. पण विषाशी वाद कसला घालणार? जयवंती पदर खोचून निघाली.

पहिल्याच दारात ठकीनं ड्रमला मिठी मारली. "राखेनं तीनदा घासलाय मी. आता कसलं इख राहतंय?"

"अगं, नातवाचं तोंड बघ!"

"तोंड बघतेच हाय. पन ड्रम गेला तर माझा नंबर गेला ना, बाय!"

खरी मेख इथंच होती. टँकर यायचा तीन दिवसांनी, तोही त्याच्या मर्जीनं. माणसं थोडीच उभी राहणार? टँकरच्या दिवशी रस्त्याकडेला ज्याचा ड्रम पुढे, त्याचा नंबर पुढे. आजारी माणसाला घरी ठेवता येतं, ड्रमला नाही. पुंजानं तर दारच लावून घेतलं. जयवंतीची सासू गोजाबाई ड्रमवर बूड टेकून बसली आणि म्हणाली, "आधी दुसऱ्यांचं आन, मंग माझ्याकडं ये."

जयवंतीचं डोकं सणकलं. पावडर शिजवणारे शहरातले, विकणारे परदेशातले, आणि शिव्या खायला ही एकटी! तिनं रस्त्याकडेला जाऊन, ड्रम ज्या क्रमानं लागायचे त्याच क्रमानं, एकेक दगड मांडला आणि त्यावर नावं रंगवली.

"हा ज्याचा दगड, त्याचा नंबर. इकडचा तिकडं झाला तर माझ्याशी गाठ आहे!"

लोकांनी दगड दोनदा तपासले, कुरकुरले, पण मानले. शेवटी गोजाबाई उठली. पाणी ओतून देताना तिनं ते आंब्याच्या रोपाला घालायला काढलं, तर जयवंतीनं हात धरला. "त्यालाही नको." गोजाबाईनं सुनेकडे असं पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सगळे ड्रम लाखेचं सील लावून, सही घेऊन ट्रकमधून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. दगडांची रांग जशीच्या तशी होती. कुणी कुणाच्या पुढे घुसलं नाही, हे त्या पाड्यावर पहिल्यांदाच घडत होतं. बाया हंडे-कळशा घेऊन आल्या. दहा मिनिटांत घरोघरचं भांडं न भांडं भरलं, पातेली भरली, भाताचा टोपसुद्धा भरला. टँकर मात्र अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता.

"अजून काय आणायचं ते आणा," ड्रायव्हर पाइप हातात धरून वैतागला. "मला पुढं दोन पाडे करायचेत. ओतू कशात?"

देशाची सुरक्षा वगैरे जयवंतीला सांगता आलं असतं, पण तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

गोजाबाई पुढे झाली. तिनं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरला आणि सुनेकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाली, "ओत बाबा. यात ओत."