रजतच्या नावाची जाहिरात

भोजराजने मोबाइल दीपिकाच्या टेबलावर आपटलाच.

"पाह्य बेटी. सोमवारपासून एकही माणूस नाही. तुह्या कंप्युटरनं काहीतरी घोळ केला."

त्याची बायको आनंदी दाराजवळच्या बाकावर टेकली. वारासिवनीहून ती बसमध्ये उभं राहून आली होती.

बालाघाटच्या बसस्टँडमागे दीपिकाचं हे एवढंसं दुकान. लोकांच्या जाहिराती ती गुगलवर टाकून द्यायची. कोणाचं लॉज, कोणाचे कोचिंग क्लास. भोजराजचं मात्र सगळंच जगावेगळं. त्याचा एकुलता एक पोरगा, रजत, बापाशी भांडून घरातून गेला तो गेलाच. पोलीस झाले, नातेवाईक झाले, पत्ता नाही. या पोराला एक खोड होती. कबड्डीच्या बातमीत आपला फोटो आला का, म्हणून तो सारखं स्वतःचंच नाव गुगलवर शोधायचा. त्यावरून बापाच्या डोक्यात ही जाहिरात आली. आता कोणी 'रजत गजभिये वारासिवनी' असं शोधलं की सगळ्यात वर यायचं, 'रजत, घरी ये. कोणी रागावणार नाही.' त्यावर बोट दाबलं की घरचा नंबर.

रोज एखादा माणूस ते दाबत होता, तो आकडा भोजराजला मोबाइलवर दिसायचा. कोण, ते कळत नव्हतं. पण कोणीतरी दाबतंय, एवढ्यावर हा बाप वर्षभर जेवत होता.

दीपिकाने एकेक गोष्ट तपासली. पैसे भरलेले होते. मंजुरी होती. तिने स्वतः नाव टाकून पाहिलं, जाहिरात बरोबर वर आली.

"काका, ॲड तर बराबर चालू हाये. नाव टाकून ते दाबनारंच कोनी नाही."

भोजराजचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे... तो बरा असंन ना?"

काहीतरी करायचं म्हणून दीपिकाने आतलं दुसरं पान उघडलं. आधी ॲड दाबणारे लोक कोणत्या गावातले होते, ते त्यात दिसायचं. भोजराज खुर्ची ओढून पुढे सरकला. नागपूर असेल, पुणे असेल, कुठलंही असो. यादीत एकच गाव होतं.

"वारासिवनी," ती म्हणाली. "सगळेच."

भोजराज ताडकन उठला.

"गावातच हाये! आनंदी, ऐकलं का? पोरगा गावातच हाये आपला!"

"बसा जी," आनंदी म्हणाली. "ते मीच होती."

तो उभाच राहिला.

"तुमी सांजच्याले पाहात होते. कोणी नसलं का ताट बाजूले सारत होते. म्हून मी दुपारी माह्या मोबाइलवर त्याचं नाव टाकून दाबत होती."

"मंग सोमवारी काय झालं?"

"नाव टाकलं. 'घरी ये' आलं. कोणाले सांगून राह्यली मी हे? बोटच उचलेना जी. थकली मी." तिने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच.

रडू दीपिकालाही आवरेना. डोळे पुसत तिने हळूच विचारलं, "काका, ॲड बंद करू का?"

भोजराज बाकावर आनंदीच्या शेजारी जाऊन बसला.

"नको, राहू दे." मग तो बायकोला म्हणाला, "उद्यापासून मी दाबत जाईन. सांजच्याले तू पाह्यत जा. अन् जेवत जा."