काळीला निळा

नागसेनला आताशा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच थकवा यायचा. आजही पूर्णेहून निघालेला टेम्पो जिंतूरच्या पुढच्या एका गावात पोचेपर्यंत त्याची कंबर कामातून गेली होती. मग लोखंडी स्टँडवर चढा, स्टेजचे आठ लाईट बांधा, वायरी ओढा, आणि लोकांच्या मागं टेबल टाकून लाईटच्या बोर्डापुढं बसा. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं करायची ही कामं आहेत का? पण जयंतीचे दिवस, आठवड्यातलं हे तिसरं गाव, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं गुडघ्याला बाम चोळला आणि बोर्ड चालू केला.

पार्टी तशी लहानच, भीमगीतं गाणारी. गायला संघप्रिया, ती पूर्णेतल्या एका शाळेवर शिकवायची. ढोलकीवर सुगत. ऑक्टोपॅडवर त्याचा चुलतभाऊ. आणि पेटीवर भगवानराव, रेल्वेतून रिटायर होऊन सहा वर्षं झालेले, पांढरा नेहरू शर्ट, खिशाला पेन. तीस वर्षांत भगवानरावांशिवाय पार्टी कुणी पाहिली नव्हती.

आता खरी गोष्ट सांगायची तर भगवानरावांना ऐकू येत नव्हतं. थोडंबहुत नाही, पार ठार बहिरे. कानाचं मशीन लावून बघितलं, तर त्यात पेटी पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजायची, म्हणून ते मशीन कपाटात गेलं. घरी सुनेला वाटायचं म्हातारा मुद्दाम लक्ष देत नाही. पार्टीतल्यांना वाटायचं वयानं जरा तऱ्हेवाईक झालेत. खरं काय ते एकट्या नागसेनला ठाऊक होतं, आणि तेही तीन वर्षांपासून.

"पेटीवरून मला उठवू नको, नागसेन," भगवानराव तेव्हा म्हणाले होते. ऐकू येत नसल्यानं बोलायचे मात्र ओरडून, म्हणून दोघं गावाबाहेर रुळाच्या कडेला जाऊन बसले होते. "पेटी सुटली की मी माणसांत ऱ्हात न्हाई. घरात बसून भिताडाकडं बघायचं, दुसरं काय? कुनाला सांगू नको. तुला माझी आन हाय."

झालं. आण घातली म्हटल्यावर नागसेन काय बोलणार?

तशी अडचण एकच होती. गाणी बोटांत बसलेली होती. लय सुगतच्या हाताकडं बघून कळायची. संघप्रिया कडव्यावरून धृपदावर कधी येते ते तिच्या ओठांवरून कळायचं. पण गाणं कुठल्या पट्टीत लावायचं ते बाई ऐन वेळेला ठरवायची, त्या दिवशी गळा कसा असेल तसं. पेटीच्या पट्ट्या म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या, आणि प्रत्येकीला आपला नंबर. संघप्रिया मागं वळून न बघता माईकवरच सांगायची, "काका, काळी पाच." काकांना कुठलं ऐकू येतंय!

त्यावर नागसेननं इलाज काढला. पेटीच्या पायाशी एक बारका दिवा ठेवला. पांढरी म्हटलं की पांढरा उजेड, जितका नंबर तितक्या वेळा लुकलुकवायचा. काळीला काय करणार? काळा उजेड तर बाजारात मिळत नाही. म्हणून काळीला निळा. भगवानराव दिवा बघायचे, मोजायचे, बोट पट्टीवर ठेवायचे आणि डोळे मिटून सुरू व्हायचे. तीन वर्षांत एकदासुद्धा चुकलं नव्हतं.

पण नागसेन शिणला होता. काम अंगावर येत नव्हतं एवढं हे दुसऱ्याचे कान होऊन बसणं अंगावर यायचं. जरा पाणी प्यायला उठावं तर धास्ती, डुलकी लागली तर धास्ती. आज कार्यक्रम संपला की भगवानरावांना समोर बसवून सांगायचं, आता बस्स, मला झेपत न्हाई, असं त्यानं टेम्पोतच ठरवून टाकलं होतं. सांगितलं की भगवानरावांची पेटी सुटणार, हेही त्याला कळत होतं.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलेलं, बायका पुढं, माणसं खुर्च्यांवर, पोरं कुंपणावर. तीन गाणी झकास झाली. चौथ्याच्या आधी संघप्रिया खोकली, पाणी प्याली. सलग तिसरा कार्यक्रम, गळा बसत चालला होता.

त्याच वेळेला जयंती मंडळाचे सूर्यभानराव नागसेनच्या टेबलापाशी आले. अंगात निळा झब्बा, हातात फोन. "ओ लाईटवाले, आता मेन गाणं हाय. निळं करा सगळं. एकदम निळं!"

"करतो की साहेब."

"आरं पर कधी? व्हिडिओ काढायलाय मी. निळं करा, निळं!"

"काका, पांढरी पाच," माईकवर संघप्रिया म्हणाली. रोजच्यापेक्षा दीड सूर खाली.

"निळं करा म्हनलं ना!" सूर्यभानराव कानाशी ओरडले.

आणि नागसेनच्या बोटानं निळा दाबला. पाच वेळा. पेटीच्या पायाशी निळा दिवा पाच वेळा लुकलुकला, भगवानरावांनी मोजला, डोळे मिटले आणि काळी पाच लावली.

पहिल्या सुरालाच नागसेनला आपली चूक कळली. त्यानं घाईघाईनं पांढरा पाच वेळा दिला, पण तोवर भगवानरावांचे डोळे मिटलेले. संघप्रियानं वळून बघितलं, "काका, पांढरी! पांढरी!" काका तल्लीन. सुरुवातीची वाजवणी संपली आणि नाइलाजानं तिनं वरच्या पट्टीत सुरुवात केली. धृपद कसंबसं निभावलं. कडव्यात वर जायची जागा आली आणि आवाज चिरकला. फाटलाच म्हणा ना. भर मैदानात.

आधी पोरं हसली. मग खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, "पेटीवाल्या, झोपला का रं?" हशा पिकला. "उतरवा त्या म्हाताऱ्याला खाली!" शिट्ट्या सुरू झाल्या. संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलेलं नागसेनला एवढ्या लांबून दिसलं. आणि त्या सगळ्या गोंधळात भगवानराव मान डोलावत, गालात हसत वाजवतच होते, गाणं रंगलंय अशा समजुतीत.

ते हसणं नागसेनला बघवेना. चूक आपली, आणि शिव्या त्या बिचाऱ्याला. आता डोळे उघडतील, लोकांची तोंडं बघतील आणि सगळं कळेल. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं सगळे दिवे एकदम विझवणारा मास्टर खाली ओढला आणि स्टेजवर मिट्ट अंधार केला.

"लाईट गेली!" लोक ओरडले. लाईट जाणं इकडं कुणाला नवं नाही, त्यामुळं हसणं तिथल्या तिथं थांबलं. सुगतनं हात आखडला, ऑक्टोपॅड थांबलं, संघप्रिया थांबली. बरं झालं, नागसेनला वाटलं, दोन मिनिटांत सावरून घेऊ.

पेटी मात्र थांबली नाही.

साऊंड जनरेटरवर होता, माईक चालू होते. अंधारात एकटी पेटी वाजत राहिली, बिनचूक, पुढच्या कडव्यापर्यंत.

"काका, थांबा," माईकवरून संघप्रियाचा आवाज आला. पेटी चालूच. "काका, थांबा ना. लाईट गेलीय." पेटी चालूच. मग ती जोरात म्हणाली, "काका! ऐकू येतंय का तुमाला?"

मैदान चिडीचूप झालं. शिट्टी नाही, खोकला नाही. नागसेननं मास्टरवर बोट ठेवलं होतं, पण ते वर सरकेना. जे झाकायला त्यानं अंधार केला, ते त्याच अंधारात सगळ्या गावाला कळलं होतं. मग पेटी अडखळली. एक सूर चुकला, दुसरा चुकला, आणि भाता बंद पडला. भगवानरावांनी डोळे उघडले असणार. कान नाहीत आणि आता समोर काही दिसतही नाही.

"नागसेन!" अंधारातून भगवानरावांनी हाक मारली. तीस वर्षांत असा आवाज नागसेननं ऐकला नव्हता. "नागसेन, कुठं हायस रं?"

नागसेननं सगळे दिवे लावले, पांढरे, होते तेवढे. आणि लोकांमधून वाट काढत, गुडघा धरून तो स्टेजवर चढला. भगवानराव दोन्ही हातांनी पेटी गच्च धरून बसले होते. कपाळाला घाम आला होता. संघप्रिया त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"लाईट गेल्ती का?" भगवानरावांनी त्याच्या तोंडाकडं बघत विचारलं.

हो म्हणता आलं असतं. पण नागसेन खोटं बोलून बोलून थकला होता. "न्हाई. मी बंद केल्ती."

"का?"

"लोकं हसायली व्हती तुमाला. मीच चुकीचा इशारा दिला, अन् लोकं तुमाला हसायली."

"हसू दे की," भगवानराव म्हणाले, आणि पेटीचा माईक चालू असल्यानं ते सगळीकडं गेलं. "मला कुठं ऐकू येतंय? नुसतं बघून रेटायलो व्हतो, नागसेन. दिसनं बी काढून घेतलंस व्हय रं?"

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. सूर्यभानरावांनी फोन खिशात टाकला.

"चुकलं माझं, भगवानराव," नागसेन म्हणाला. पण वर बघायची त्याची छाती झाली नाही, मान खाली घालूनच म्हणाला, त्यामुळं त्याचे ओठ दिसले नाहीत. कुंपणावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ते ऐकू गेलं. भगवानराव तेवढे त्याच्याकडं वाकून विचारत राहिले, "काय म्हनलास? आँ? काय म्हनलास?"