व्हिडिओचं शेपूट

“सर, ही बाई कोण?” विराटने हेडफोन एका कानावरून सरकवत विचारलं.

सुमंतला बाई कोण ते माहीत होतं. पण ऑफिसात सकाळी आल्याआल्या खरं बोलायची पद्धत नव्हती. “कुठली बाई?” तो म्हणाला.

विराटने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर कंपनीचाच व्हिडिओ होता: कामगारांची हजेरी सॉफ्टवेअरमध्ये कशी भरावी. कंपनीतल्या इंजिनियर पवित्राचा स्वच्छ इंग्रजी आवाज, माउसभोवती पिवळा ठिपका, शेवटी ‘थँक यू’ आणि कंपनीचं चिन्ह. त्यानंतर बराच वेळ काळा पडदा. शहाणा माणूस इथे उठून जातो. पण तुमकूरच्या एका कारखान्यातले हिशेबनीस उठले नव्हते. काळ्या पडद्याआडून कुकरची शिट्टी आली आणि एक बाई म्हणाली, “सारू निवायला लागलं गं. स्वल्प खाऊन घे. मग बोल त्या मशीनशी.” त्यावर कुणी मुलगी ओरडली.

हिशेबनिसांनी कंपनीला मेल केला होता. व्हिडिओ फार उपयोगी आहे, हजेरी भरता आली. फक्त त्या मुलीने शेवटी जेवण केलं की नाही ते समजलं नाही, कृपया कळवावे.

“त्यांच्या मेलचं टिकिट अजून ओपन आहे,” विराट म्हणाला. “क्लोज करताना मी काय लिहू? जेवली म्हणून?”

“चूक माझी. व्हिडिओ बाहेर काढताना शेवटाची खूण लावायची राहिली.”

“ते ठीक आहे. पण लँग्वेज कुठली ही? अर्धीच समजतेय, म्हणून जास्त त्रास होतोय.”

“मराठी.”

“ही?”

“आमची. इथली, कन्नड मिसळलेली.”

विराट पुण्याचा होता. त्याने हसू कसंबसं आवरलं. “म्हणजे पवित्राच्या घरचं का हे? कमाल आहे, ती माझ्याशी हिंदी बोलते! बरं, तिला काही सांगू नका, उगाच ऑकवर्ड होईल. शेपूट उडवा आणि परत अपलोड करा. तसेही जुने प्रोजेक्ट शुक्रवारी सर्व्हरवरून डिलीट होतायत.”

विराटला कंपनीत येऊन तीनच महिने झाले होते. पवित्राची आई मार्गशीर्षात गेली, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुमंतनेही सांगितलं नाही.

सुमंतचं काम कापण्याचं. इंजिनियर लोक आपला पडदा रेकॉर्ड करत बोलत, आणि तो त्यातलं ‘अं’, ‘म्हणजे’, खोकला, भरकटलेला माउस काढून टाकी. एचएसआर लेआउटमधल्या या ऑफिसात येण्याआधी तो मल्लेश्वरमच्या एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी करी. जेवणाऱ्या माणसाचं तोंड कधी ठेवू नये, ही तिथली पहिली शिकवण. दुसरी अशी, की कापलेलं कधी टाकू नये. लग्नानंतर महिन्याभराने मुलीकडचे येतात आणि विचारतात, आमचे मामा कुठं आहेत? तोवर मामा कधी कधी खरोखरच नसत. म्हणून कापलेले तुकडे व्हिडिओ संपल्यावर, मोकळी जागा सोडून, ओळीने लावून ठेवायचे. वधू बदलल्या, कॅसेटी गेल्या, सॉफ्टवेअरं आली. सुमंत तुकडे लावत राहिला.

सगळे घरून काम करत होते त्या काळात पवित्राचे तुकडे सर्वांत जास्त निघत. आधी विमानांचा आवाज यायचा. मग कुकर. मग तिची आई, अम्मा. पवित्रा ऑफिसात कन्नड आणि इंग्रजी बोलायची, त्यामुळे पहिल्यांदा हेडफोनमध्ये “ऊट केलीस का गं?”, म्हणजे जेवलीस का, ऐकलं तेव्हा सुमंतला वाटलं, आपल्याच स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली. त्याने मागे वळूनही पाहिलं. नंतर त्याला सवय झाली. अम्मांचं वाक्य एकच असे, पदार्थ तेवढा बदलायचा. कधी उप्पिट्टु, कधी पडवळाची भाजी, कधी आमटीसारखी हुळी. सुमंत ते नीट कापी, शेवटी लावून ठेवी आणि आपला डबा उघडी. पवित्राला कधी बोलला नाही. तुझ्या आईची हुळी कशी झाली होती, हे विचारणार तरी कसं?

अम्मा गेल्यावर ऑफिसात एक मेल फिरला. सर्वांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. सुमंतने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यात ‘मी त्यांना ओळखत होतो’ हे वाक्य होतं. पाठवण्याआधी त्याने तेही कापलं.

विराटच्या सांगण्याप्रमाणे त्याने शेपूट उडवून नवा व्हिडिओ चढवला. मूळ प्रोजेक्ट मात्र अजून सर्व्हरवर होता. घरी जेवताना त्याने बायकोला, प्रमोदिनीला, सगळं सांगितलं.

“वर्षभर दुसऱ्याच्या घरातलं ऐकत होता तुम्ही?” ती म्हणाली.

“कामच ते.”

“मग तसंच सांगा तिला.”

“राग आला तर?”

“येऊ दे की. निदान आपल्या भाषेत येईल. भात घ्या.”

गुरुवारी दुपारी मंडळी खाली जेवायला गेली. पवित्रा जागेवरच बसून काहीतरी टाइप करत होती. सुमंत तिच्या टेबलापाशी उभा राहिला आणि इतक्या वर्षांत प्रथमच मराठीत म्हणाला, “पवित्रा, स्वल्प वेळ आहे का गं?”

तिचा हात थांबला. “सर, तुम्ही मराठी?”

“मल्लेश्वरमचे. तुम्ही येलहंकाचे ना?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“विमानं,” सुमंत म्हणाला. “तुमच्या घरावरून जातात ती. तुझ्या व्हिडिओतली सगळी मीच कापली.”

तो तिला आपल्या खुर्चीवर घेऊन आला, तिच्या कानाला हेडफोन दिला आणि एकेक जुना प्रोजेक्ट उघडून टाइमलाइन ‘थँक यू’च्या पुढे सरकवत गेला. काळी जागा गेली. तुकडे सुरू झाले. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावरच्या लाटांवरून कुठे कुकर आणि कुठे अम्मा, ते त्याला पाठ होतं. पवित्राने सगळे तुकडे ऐकले. मग हेडफोन काढला.

“हे सगळं ऐकलंत तुम्ही?”

“कापायला ऐकावं लागतं.”

“आणि कुणाला सांगितलं?”

“बायकोला. काल.”

तिने हेडफोन टेबलावर ठेवला. “आमच्याकडे फोटो पुष्कळ आहेत, अण्णा. आवाज नव्हता कुठेच. तिला फोनवर बोलायचं म्हटलं की लाज वाटायची.” मग ती म्हणाली, “पण सगळीकडे मी तिला गप्प बस म्हणतेय.”

“सगळे म्हणतात. लग्नाच्या व्हिडिओत तर नवरीसुद्धा म्हणते.”

“या शेवटच्यात तर ओरडलेय.” तिने सारूच्या तुकड्यावर बोट ठेवलं. “अम्मा, रेकॉर्डिंग चाललंय, गप्प बस! एवढं माझं काढता येईल?”

सुमंतने तो तुकडा मोठा करून पाहिला. उंच लाट पवित्राची. तिच्या पोटातच एक बुटकी लाट होती.

“येईल,” तो म्हणाला. “पण तू ओरडतेस त्याच वेळी त्या हसून सरी सरी, बरं बरं, म्हणतात. तुझं काढलं तर त्यांचं ते सरीसुद्धा जाईल.”

पवित्राने हेडफोन परत लावला. तेवढंच पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. शेवटी ताटावर ताट झाकल्याचा आवाज होता, आणि पुढे नुसती शांतता.

“राहू दे,” ती म्हणाली.

कंपनीची कुठलीही फाइल बाहेर नेऊ नये असा नियम होता. सुमंतने तो उघडून वाचला. त्यात अम्मांचा उल्लेख नव्हता. त्याने सगळे तुकडे एकत्र जोडायला घेतले.

“तुमकूरचे एक गृहस्थ विचारतायत,” तो काम करता करता म्हणाला. “त्या दिवशी जेवलीस का?”

“कुठलं? चार वाजता खाल्लं. पार निवलेलं.” तिने नाक पुसलं. “त्यांना जेवली म्हणून कळवा.”

फाइल तयार होण्याआधी नव्या सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे विचारलं: काही शांत जागा सापडल्या आहेत, काढून टाकायच्या का?

सुमंतने ‘नको’ दाबलं.