फुआतिनो आजींच्या मागे

नवख्या माणसाला पत्ता सांगताना इथले लोक म्हणतात, "तो गंजका पूल दिसतोय ना, त्याच्या पलीकडे." मित्रांनो, तो गंजका पूल म्हणजे मीच! ऑकलंडच्या दक्षिणेला एका स्टेशनाजवळ मी रुळांवर उभा आहे. माझ्या एका अंगाला फलाट आणि दुसऱ्या अंगाला मालगाड्यांचं मैदान.

मी तरणा होतो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! अंगाला हिरवा रंग आणि पायऱ्या नव्याकोऱ्या. सामोआ बेटांवरून कामधंद्यासाठी आलेली माणसं माझ्यावरून कारखान्यांकडे धावत जायची. नवरानवरी माझ्यावर उभं राहून फोटो काढून घ्यायचे. कुणी "काय भक्कम पूल आहे!" म्हटलं की मी नुसता फुगून जायचो. पुढे मालगाड्या बंद झाल्या, मैदानात गवत माजलं, आणि मला रंग द्यायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्या धावणाऱ्या माणसांत एक फुआतिनो होती. आता त्या फुआतिनो आजी झाल्या आहेत. त्यांचा मुलगा इओआने विमानतळावर सामान चढवतो. भाड्याच्या घरात माणसं मावेनात, म्हणून आजी आणि त्यांची नात तेलेसिया गाडीच्या गॅरेजमध्ये झोपायच्या. थंडीत आजींची छाती घरघरायची. त्यातच मालकाने ते घर विकायला काढलं. जवळपास परवडेल असं दुसरं घर मिळेना. लांबच्या गावी जावं, तर चर्च सुटणार, आजींची बहीण सुटणार, इओआनेचं कामही सुटणार.

अशात बातमी आली, की या मैदानावर कमी भाड्याची घरं बांधायला सरकार अनुदान देणार! चर्चच्या मंडळींनी लगेच मागणी केली. अट एकच होती. घराच्या जागेपासून निघालेला माणूस दहा मिनिटांत पायी फलाटावर पोचला पाहिजे. ते स्वतः चालून बघायला हेस्टर नावाच्या अधिकारी बाई येणार होत्या.

शनिवारी सकाळी सगळी वस्ती चर्चला जातानाचे पांढरेशुभ्र कपडे घालून मैदानात जमली. इओआनेने चपळ पोरं पुढे उभी केली. तेवढ्यात काठी टेकत आजी आल्या.

"आई, तू इथेच बस. आम्ही झपझप जाऊन येतो."

"घर माझ्यासाठी, आणि चालणार तुम्ही? वा रे शहाण्या! हो बाजूला."

आणि आजी निघाल्या की सगळ्यांच्या पुढे! झालं. या लोकांत वडीलधाऱ्यांना मागे टाकून कुणी पुढे जात नाही. चपळ पोरं, चर्चचे पाद्री, बाळं कडेवर घेतलेल्या आया, सगळे आजींच्या मागे मुंगीच्या पावलांनी चालू लागले. हेस्टरबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. माझा अर्धा जिना चढेपर्यंत आजींना धाप लागली आणि त्या पायरीवर बसल्या. आता आजी बसल्यावर उभं कोण राहणार? अख्खी वस्ती माझ्या पायऱ्यांवर बसली!

तेलेसियाने हेस्टरबाईंची बाही ओढली. "बाई, बसा ना. आजी बसल्यात."

बाईही बसल्या. दहा मिनिटं उलटली. खालून गाडी आली आणि निघूनही गेली.

"संपलं सगळं!" इओआनेने कपाळावर हात मारला. "आई, तुला सांगत होतो ना मी?"

"ओरडतोस काय? मला काय हौस आलीये धापा टाकायची?" म्हणताना आजींचे डोळे भरून आले. मला तर रुळांवर कोसळावंसं वाटलं. माझ्याच जिन्याचा चढ एवढा उभा होता ना!

हेस्टरबाईंनी विचारलं, "तुमच्यातलं कुणीच पुढे का नाही गेलं? वेळेत पोचला असता की."

"आजींना टाकून?" तेलेसिया त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग पोचून काय करायचं?"

बाईंनी माझ्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. मग म्हणाल्या, "अंतर ठीक आहे. हा जिना मात्र आजींना झेपणारा नाही. घरांबरोबर पायऱ्यांऐवजी अलगद चढणारा रस्ता असलेला नवा पूलही मागा. मी शिफारस करते."

अनुदान मंजूर झालं! नवा पूल येणार म्हणजे मी जाणार, हे मला तेव्हाच कळलं. पण मैदानावर एकेक भिंत उभी राहताना पाहिली आणि मी थक्क झालो. हा पैसा आला कुठून? शहरातल्या नर्सच्या करातून, बसवाल्याच्या करातून, लांब दक्षिणेत सफरचंदं तोडणाऱ्यांच्या करातून. त्यांनी आजींना कधी पाहिलंसुद्धा नाही. तरी त्या सगळ्यांनी मिळून एका म्हातारीच्या डोक्यावर छप्पर घातलं! मी इतकी वर्षं माणसांचं ओझं पेललं, पण माणसं माणसांना एवढं पेलतात, हे मला ठाऊक नव्हतं.

काल नवा पूल सुरू झाला. आजी आपल्या नव्या घराच्या दारातून निघाल्या, मागे अख्खी वस्ती. लांबलचक, अलगद चढणारा रस्ता त्या कुठेही न बसता चालून गेल्या आणि थेट फलाटावर उतरल्या. गाडी नुकतीच येत होती. आजींनी वळून मागच्यांना दटावलं, "चला की रे भराभर! किती रेंगाळता!"

माझ्यावर तेव्हा कुणी नव्हतं. तरी मी थरथरत होतो, मित्रांनो.

उद्या क्रेन मला उतरवायला येईल. माझ्यासाठी हळहळू नका. त्या नव्या पुलाला मात्र वेळच्या वेळी रंग द्या. आजींना अजून पुष्कळदा पलीकडे जायचंय.