तीन क्लास पाहिलेला पट्टा

मी एक जुना चामडी पट्टा आहे. गळ्यातला नव्हे. त्याला गळपट्टा म्हणतात, तो माझा दूरचा नातेवाईक आणि डोक्याने बेताचाच. मी हातात धरायचा पट्टा: चार हात लांब, एका टोकाला पितळी हूक, दुसऱ्या टोकाला मूठ घालायला शिवलेलं कडं. माझं एक टोक कुत्र्याच्या मानेशी असतं आणि दुसरं माणसाच्या हातात. त्यामुळे मित्रांनो, मूर्खपणा कुठल्या टोकाकडून सुरू होतो हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

घोड्यांचं सामान शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला बनवलं. मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवलं, तीन वेळा ताणून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "हा काही तुटायचा नाही." मला विकत घेतलं ते एका शिंपीणबाईने. तिने अंगठ्याचं नख माझ्या शिवणीवरून फिरवलं आणि म्हणाली, "टाका बघा कसा, एकसारखा!" इतकं मनापासून कौतुक मी आयुष्यात दोनदाच ऐकलं.

शिंपीणबाईचं दुकान खाली आणि घर वर. वर तिचे वडील, अप्पा. अप्पांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली. सत्तरी उलटली तरी खिडकीपाशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून त्यांचं काम चालूच असायचं, आणि हात जराही थरथरत नसे. या घरात बटण नावाचा कुत्रा आला. तांबूस, आडदांड, मनाने अगदी लोणी. खोड एकच. रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की हा जिवाच्या आकांताने ओढायचा. मग सगळे म्हणाले, क्लासला घाला. माझे भोग सुरू झाले ते तिथून.

पहिला क्लास कॅप्टनांचा. कुठल्या सैन्याचे कॅप्टन, हे कुणी विचारलं नाही. टोपी होती आणि शिट्टी होती, लोकांना तेवढं पुरलं. एका मोकळ्या मैदानात तेवीस कुत्री गोल उभी. मास्तर एक. पाठीमागच्या सात-आठ जणांना काय सांगितलं जातंय ते ऐकूही येत नव्हतं, पण मान सगळे डोलवत होते. स्वेटर घातलेलं एक चिमुकलं कुत्रं मालकाच्या काखेतून उतरायलाच तयार नव्हतं. गणित शिकवणाऱ्या एक बाई आपल्या कुत्र्याला अकरा वेळा "बस" म्हणाल्या आणि तो अकराही वेळा मुंग्या बघत उभा राहिला. कॅप्टन म्हणाले, "माजलाय! झटका द्या!"

झटका द्या. या माणसाची सगळी विद्या या दोन शब्दांत संपत होती. कुत्रा पुढे गेला, झटका. मागे राहिला, झटका. कुत्रा शहाण्यासारखा शेजारून चालला, तरी आठवण राहावी म्हणून एक झटका. आणि वर हुकूम, "पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घ्या. सुटता कामा नये!" मी चामड्याचा आहे, मला तोंड नाही. असतं तर त्या दिवशीच चार शब्द सुनावले असते.

आठ रविवार हे चाललं. शेवटच्या दिवशी परीक्षा ठेवली ती भर दुपारी. कुत्री उन्हाने इतकी दमली होती की "आडवा हो" म्हणायच्या आधीच तेवीसच्या तेवीस आडवी झाली. कॅप्टन धन्य झाले. सगळ्यांना सोनेरी फीत लावलेली प्रमाणपत्रं मिळाली. बटणच्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, "उत्कृष्ट आज्ञापालन". शिंपीणबाईने ते चौकट करून दुकानातल्या आरशाशेजारी टांगलं. येणारी गिऱ्हाइकं वाचायची आणि म्हणायची, "वा!" आणि बटण खाली त्यांच्या चपला चघळत बसलेला असायचा.

चूक झाली ती इथे. अप्पांनी त्या कागदावर विश्वास ठेवला. बुधवारी सकाळी मला खुंटीवरून काढून ते म्हणाले, "आता काय, शिकलेला आहे तो. मीच फिरवून आणतो." लेकीने सांगितलं होतं तसे माझे दोन वेढे त्यांनी उजव्या मनगटाला घेतले. वेढे पडताक्षणी मला कळलं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी दुसरा कुत्रा होता. बटण उधळला. मी तुटलो नाही. मनगट मोडलं.

घड्याळजीचा उजवा हात, मित्रांनो. मी मजबूत आहे याची मला त्या दिवशी लाज वाटली.

संध्याकाळी दादा आला. दादा म्हणजे शिंपीणबाईचा मोठा भाऊ, टायरचं दुकान चालवतो, दोन गल्ल्या सोडून राहतो. अप्पांचं प्लास्टर बघून त्याचा आवाज चिरकला. "हे कुत्रं इथून जाणार. लाकडाच्या वखारीवाला माझ्या ओळखीचा आहे, राखणीला हवंच आहे त्याला. राहील साखळीला."

"दादा, तो जन्मात कधी साखळीला राहिला नाही रे," ती म्हणाली.

"आणि अप्पा जन्मात कधी रस्त्यावर पडले नव्हते!"

शेवटी ठरलं असं, की अप्पांचं प्लास्टर निघेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, बटण राहील. तोवर सुधारला तर ठीक, नाही तर दादा त्याला घेऊन जाईल.

घाबरलेल्या माणसाला जे पहिलं दिसतं ते तो धरतो. शिंपीणबाईने दुसरा क्लास धरला. तो एका मॅडमचा. चकचकीत हॉल, रबरी चटया, मंद संगीत. तिथे कुत्र्यांना कुत्री म्हणायचं नाही, "बाळं" म्हणायचं. "आपल्याकडे 'नाही' हा शब्दच नाही," मॅडम गोड हसून म्हणाल्या. शिकवणं हा शब्दही त्यांच्याकडे नसावा, कारण तो प्रकार मला कुठे दिसला नाही. बिस्किटं मात्र भरपूर. बाळ बसलं, बिस्कीट. उठलं, बिस्कीट. दुसऱ्या बाळावर गुरगुरलं, तर लक्ष वळवायला बिस्कीट. बिस्किटाला माझा विरोध नाही, मित्रांनो, पण गुरगुरण्याची मजुरी म्हणून ते दिलं तर कुत्रा काय शिकेल, हे चटईलाही कळलं असतं.

शिंपीणबाईने तीनदा विचारलं, "मॅडम, रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की हा ओढतो. तेव्हा नेमकं करू काय?"

"तुम्ही आधी आनंदी राहा ना! तुमचा आनंद त्याला कळतो. चला, सगळ्यांनी इकडे बघा, फोटो!"

तीन आठवडे असे गेले. बटणला फोटोसाठी बसता येऊ लागलं आणि त्याचं वजन वाढलं. आता तो आधीपेक्षा जोरात ओढू लागला. शिंपीणबाई मशीनवर बसून शिवण घालता घालता रडायची, आणि गिऱ्हाईक आलं की सुई टोचली म्हणायची.

तिसऱ्या क्लासचा पत्ता तिला त्या गणिताच्या बाईंनी दिला. मास्तरांना लोक "मलमपट्टीवाले" म्हणत, कारण जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. टोपी नाही, संगीत नाही. दवाखान्यामागचं सिमेंटचं अंगण आणि एक मोडकी खुर्ची. शिष्य सहाच. सातवा गृहस्थ गयावया करत होता, त्याला त्यांनी सरळ परत पाठवलं. "सहाच्या वर माझं लक्ष पुरत नाही," म्हणाले. स्वतःला काय जमत नाही हे सांगणारा मास्तर मी पहिल्यांदाच बघत होतो. तरी मी नाक मुरडलंच. दोन क्लासांनंतर तिसऱ्यावर विश्वास ठेवायला मी काही तुमच्यासारखा भोळा नाही.

गणिताच्या बाईंचं प्रकरण तर त्यांनी आधीच निकालात काढलं होतं. "बाई, तुमचा कुत्रा माजलेला नाही. त्याचे दोन्ही कान पिकलेत. त्याला ऐकूच येत नाही. आधी डॉक्टरकडे." दोन महिने झटके खाल्ले त्या बिचाऱ्याने, कॅप्टनांच्या कृपेने!

पहिल्या दिवशी कुत्री घरी ठेवून फक्त पट्टे आणायला सांगितलं होतं. लोक कुरकुरले. मलमपट्टीवाल्यांनी माझं हुकाचं टोक शिंपीणबाईच्या मनगटाला गुंडाळलं, कडं स्वतः धरलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. आता चाला." मग एक हलका झटका दिला. ती दचकून थांबली. "का दिलात?" तिने विचारलं.

"तेच तर. तुम्हाला कळलं का, का दिला ते? त्यालाही कळत नाही."

मग त्यांनी सहाही जणांना आपापले पट्टे हातात लोंबते धरून रांगेत चालवलं आणि अचानक ओरडले, "समोरून कुत्रा आला!"

सहाही मुठी करकचून आवळल्या. अंगणात कुत्रा नव्हता. कुणी भुंकलं नव्हतं.

"बघा आपापले हात," मलमपट्टीवाले शांतपणे म्हणाले. "तुम्हाला दिसतो, तुम्ही आवळता, आणि मग त्याला वाटतं, काहीतरी भयंकर येतंय. ओढायला त्याला तुम्हीच शिकवलंत."

शिंपीणबाई आपल्या मुठीकडे बघत उभी राहिली. दीड वर्ष मला हेच सांगायचं होतं हो! दरवेळी आधी वरचं टोक आवळायचं आणि मग खालचं ओढायचं. तेवीस कुत्र्यांच्या गराड्यात आणि बिस्किटांच्या पावसात एकाही शहाण्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मलमपट्टीवाल्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पट्टा झकास आहे. हात सुधारा." हे दुसरं कौतुक.

तीन आठवड्यांत शिंपीणबाई मला तीन बोटांत धरायला शिकली, आणि बटण अंगणात तिच्या शेजारून चालायला. घरी आली की अप्पांना दाखवायची. अप्पा डाव्या हाताने करून बघायचे. बारीक स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या माणसाला हलकं धरणं काय शिकवायचं!

आता आत्मवृत्ताच्या शेवटी विनवणी करायची पद्धत आहे म्हणे. मी ती आत्ताच करून मोकळा होतो. मित्रांनो, क्लासला जरूर जा, पण टोपी आणि फीत बघून भुलू नका. मास्तर किती जणांना घेतो ते मोजा. तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो की फोटो काढतो ते बघा. आणि पहिल्या दिवशी तो सगळा वेळ फक्त कुत्र्याकडेच बघत असेल, तर आल्या पावली घरी जा.

प्लास्टर निघालं शनिवारी. रविवारी सकाळी दादा टेम्पो घेऊन दारात हजर. साखळी सीटवर ठेवलेली. शिंपीणबाई काही बोलण्याआधीच अप्पांनी डाव्या हातात मला घेतलं.

"अप्पा, तुम्ही नाही हं!" दादा ओरडला.

"तुम्ही दोघं मागून या," अप्पा म्हणाले.

लाँड्रीचा कोपरा आला. तिथला कुत्रा उठून उभा राहिला. बटणचे कान ताठ झाले, मानेत ताण आला. मी वरच्या टोकाची वाट बघत होतो. ते आवळलंच नाही. "चल रे," अप्पा हळूच म्हणाले. बटणने त्या कुत्र्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि चालू लागला. मी दोघांच्या मधे सैल लोंबत होतो. मला विश्वास बसेना.

इतक्यात मागून आरोळी आली, "अप्पा, धरा! धरा त्याला!" दादाने धावत येऊन दोन्ही हातांनी मला मधेच पकडलं आणि जीव खाऊन ओढलं. त्यासरशी बटण भुंकत उसळला. अप्पांचा तोल गेला. शिंपीणबाई किंचाळली.

"सोड!" अप्पा गरजले. "अरे सोड म्हणतो ना!"

दादाने हात सोडले. अप्पा कसेबसे सावरले. त्यांनी मला ओढलं नाही. नुसते उभे राहिले. बटण दोनदा भुंकला, मग गप्प झाला आणि परत येऊन त्यांच्या पायाशी उभा राहिला.

"इथवर नीट आला की नाही?" अप्पांनी विचारलं. "मग बिघडवलं कुणी?"

दादा आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. माझे वळ उठले होते त्यांवर. खिशातला फोन वाजला. वखारीवाला होता.

"नाही हो, वाट नका बघू," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "शिकायचं राहिलंय अजून... नाही नाही, कुत्र्याचं झालं. माझं राहिलंय."