विल्माची जागा

पेटालुमा गावाबाहेर, निलगिरीच्या झाडांमागे कोंबड्यांची एक जुनी शेड होती. कोंबड्या जाऊन जमाना लोटला. आता तिथे गाणी रेकॉर्ड व्हायची, तरी धुक्याच्या सकाळी पिसांचा वास यायचाच.

लॉर्ना आत आली आणि तिची नजर आधी जमिनीवर गेली. मधोमध एकच माइक, आणि कोण कुठे उभं राहणार त्याच्या पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा. मुख्य गायक कॉर्लिसची खूण माइकच्या अगदी जवळ, फिडलवाल्याची डावीकडे, बासची मागे. कॉर्लिसच्या उजव्या हाताला, शेजारी शेजारी, आणखी दोन. तिथे ती आणि विल्मा अर्धा जन्म त्याच्या साथीला गात उभ्या राहिल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात विल्मा गेली.

"या दोन कोणाच्या?"

आल्बमचा निर्माता ब्रँट तिच्या मुलाहून लहान होता. तो वायर गुंडाळत म्हणाला, "ओकलंडच्या दोन मुली उद्यापासून साथीला गायला येतायत. तुम्ही आजच्या या एका गाण्यात, लॉर्ना. पाहुण्या कलाकार म्हणून. नाव मोठ्या अक्षरांत टाकू."

"पाहुणी," लॉर्ना म्हणाली. "स्वतःच्याच घरात."

कॉर्लिस गिटार जुळवत बसला होता. वीस वर्षांनी त्याचा आल्बम येत होता. डोक्यावर तीच जुनी हॅट, कोपऱ्यावर कुत्र्याने चावलेली. ऐकू आलं नाही असं त्याने दाखवलं. ती कॉफीचा कप घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तू काही बोलणार आहेस का?"

"गाण्यात एवढं बोलतो की बाहेर काही उरत नाही."

"कॉर्लिस."

त्याने एक तार उगाच पुन्हा छेडली. "तुझा आवाज खाली आलाय, लॉर."

"तुझी पँटही खाली आलीय. तिला कोणी पाहुणी म्हणतं का?"

तो खोकल्यासारखा हसला आणि पुन्हा तारा जुळवायला लागला. आणि लॉर्नाला कळून चुकलं, की आजचं गाणं झालं की आपण घरी जायचं, आणि मग कोणी बोलावणार नाही.

त्याच्या गाण्यांची गंमत सगळी त्या दोघींवर उभी असे. तो फुशारकी मारायचा आणि या दोघी टाचणी लावायच्या. लॉर्ना वरच्या पट्टीत, मधाळ. विल्मा तिच्याखाली, जाड आवाजात, भाजीवालीशी घासाघीस केल्यासारखी. लोक हसायचे ते विल्माच्या ओळीला. आता लॉर्नाचा वरचा सूर सकाळी लागला तर दुपारी लागत नसे. घरी, स्वयंपाकघरात, ती चोरून त्याला हाका मारून पाहायची, आणि यायचा तो खालचा, जाड आवाज.

बासवादक डेल्फीनने आपलं तान्हं बाळ बासच्या मऊ गवसणीत निजवलं होतं. गवसणीच्या घड्यांतून एक मूठ तेवढी वर आली होती. लॉर्नाने जाताजाता ती मूठ आत सारली, पांघरूण नीट केलं, आणि आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

गाणं होतं फार वर्षांनी घरी परतलेल्या नवऱ्याचं. विल्माची ओळ गाळायची, थेट पुढे जायचं, असं ठरलं होतं.

कॉर्लिसने सुरू केलं. "दार उघड गं, परत आलो, वाटभर तुझीच आठवण."

लॉर्ना वरच्या सुरात गेली. "वाट बरीच लांबची दिसतेय." शेवटच्या सुरावर आवाज चिरकला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.

आता कॉर्लिसने पुढची ओळ उचलायची. पण त्याने तोंड मिटलं आणि मान उजवीकडे वळवली, रिकाम्या खुणेकडे. सवयीने तो विल्माची वाट पाहत राहिला. तिची ओळ यायची तेवढ्या जागेत नुसता बास चालत राहिला. मग त्याने हॅट काढली आणि तळहाताने टक्कल पुसलं.

या वाद्यवृंदात डोक्यावर हात म्हणजे एकच इशारा. गाणं परत मुखड्यापासून. डेल्फीन वळली, फिडल वळलं. तो नको म्हणून हात हलवेपर्यंत सगळे तिकडे पोचलेसुद्धा. आणि रेकॉर्डिंग चालू असताना थांबायचं नाही, हा नियम त्याचाच.

"दार उघड गं, परत आलो..."

लॉर्नाने तोंड उघडलं नाही. वरचा सूर येणार नव्हता, आणि खोटा तिला द्यायचा नव्हता. कॉर्लिसने तिच्याकडे पाहिलं, भुवया चढवल्या, आणि नाकातून, अगदी बारीक बाईचा आवाज काढून, स्वतःलाच ऐकवलं, "वाट बरीच लांबची दिसतेय."

मग ती जागा आली. लॉर्ना एक पाऊल बाजूला सरकून विल्माच्या खुणेवर उभी राहिली. जो आवाज ती स्वयंपाकघरात लपवत होती तो तिने सोडून दिला, जाड, सावकाश.

"वाटेत बऱ्याच जणींची घरं होती ना."

डेल्फीनने हसू खांद्यात दाबलं, बास मात्र सोडला नाही. पुढची सगळी कडवी ते तसेच भांडत गेले, तो वर आणि ती खाली.

शेवटचा सूर विरला तेव्हा ब्रँट काचेमागून बाहेर आला. "सुरुवातीचं ते थांबणं कापू का?"

"ते राहू दे," कॉर्लिस म्हणाला. हॅट अजून त्याच्या हातातच होती. "ती विल्माची ओळ आहे."

बाळ जागं होऊन कुरकुरायला लागलं. डेल्फीनचे दोन्ही हात बासला अडकलेले, म्हणून लॉर्नानेच त्याला उचललं. खालच्या सुरात ती हुं हुं करत राहिली. बाळाने तिच्या गळ्यावर कान टेकला आणि ते गप्प झालं.

"ओकलंडच्या मुलींना काय कळवू?" ब्रँटने विचारलं.

"सांग, भांडायला माणूस मिळालं," कॉर्लिस म्हणाला. "जुनंच आहे. पाहुणं नाही."

ब्रँट लॉर्नाच्या रिकाम्या खुणेशी वाकला. "मग ही पट्टी काढतो."

"थांब," बाळाला थोपटत लॉर्ना म्हणाली. "बारीक आवाज काढायला कॉर्लिसला तिथेच उभं राहावं लागणार आहे. आणि त्याला सांग, सूर जरा लाडात लाव. मी लावायचे तसा."